‘नवतपा’ : एका शब्दाची चौकशी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की इंदूर, उज्जैन, देवास, धार या भागातील पंचांगांत, वृत्तपत्रांत आणि घराघरांतील बोलण्यात एक शब्द हटकून येतो : नवतपा. हिंदीभाषक शेजारी त्यास ‘नौतपा’ म्हणतात, आपण मराठी माणसे ‘नवतपा’ म्हणतो. ‘यंदा नवतपा चांगला तापला, पाऊस बरा होईल’, ‘यंदा नवतपा गळला, आता काही खरे नाही’, अशी वाक्ये आपल्या कानांवरून वर्षानुवर्षे जात आली आहेत. नागपूर-विदर्भातही हा शब्द घरचाच आहे. पुण्याकडून अथवा कोकणातून आलेल्या पाहुण्यास मात्र त्याचा अर्थ बहुधा सांगावा लागतो. आणि सांगू लागले की आपल्याच लक्षात येते की आपण तो वापरतो पुष्कळ, पण त्याविषयी नेमके सांगता येईल असे फार थोडे आपल्याजवळ आहे.

काव्याची, कादंबरीची समीक्षा करावी तशी एखाद्या शब्दाचीही समीक्षा करता येते, असे आमचे मत आहे. शब्द हीदेखील एक रचनाच. तीही काही दावा करते, तिलाही पूर्वपरंपरा असते, आणि तिचेही चुकीचे अर्थ लावणारे भाष्यकार असतात. ‘नवतपा’ या शब्दाच्या वाट्याला असे भाष्यकार दरवर्षी येतात. त्यांचे भाष्य आणि मूळ शब्द यांत किती अंतर पडले आहे ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दार्थ. मराठीत ‘नव’ म्हणजे नवीनही आणि नऊही. काही जण ‘नवा ताप, उन्हाचा नवा भर’ असा अर्थ लावतात. तो टिकत नाही, कारण हिंदीतील ‘नौ’ हा निःसंशय नऊ आहे आणि हा शब्द आपण हिंदी प्रदेशाच्या सहवासातच उचलला आहे. उत्तरपद ‘तप्’ या धातूपासून आलेले. तापणे, तापवणे, तवा तापणे, अंगात ताप असणे आणि ऋषींचे तप, ही सारी एकाच घरची मंडळी. म्हणून ‘नऊ दिवसांचे पृथ्वीचे तप’ असे एक भाविक स्पष्टीकरण ऐकू येते. ते गोड आहे. परंतु त्यापुढे जाऊन कोणी हा शब्द वैदिक काळापर्यंत नेऊ लागले तर तेथे थांबवले पाहिजे. वैदिक मासनामांत ‘तपस्’ आणि ‘तपस्य’ ही नावे शिशिराच्या दोन महिन्यांची, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनाची आहेत. ग्रीष्माच्या महिन्यांची नावे ‘शुक्र’ आणि ‘शुचि’. म्हणजे ज्या काळी हे शब्द घडले त्या काळी ‘तप’ म्हटले की मे महिन्याचे ऊन आठवत नव्हते. नवतपा हा शब्द लोकभाषेतला आहे, शेतकऱ्याच्या तोंडचा आहे. त्याला वेदांचा आधार शोधण्याची गरज नाही आणि तो सापडतही नाही.

आता प्रचलित भाष्य पाहू. दरवर्षी जे छापून येते ते साधारण असे : सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो, त्या दिवसापासून पहिले नऊ दिवस नवतपा, या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो, त्याचे किरण सरळ पडतात, आणि म्हणून उष्णता सर्वाधिक असते. या विधानाचे तीन भाग आहेत. पहिला खरा आहे, दुसरा साफ खोटा आहे आणि तिसरा गावागणिक खरा किंवा खोटा ठरणारा आहे.

सूर्याचा रोहिणीप्रवेश हल्ली २५ मेच्या सुमारास होतो, म्हणून नवतपा २५ मे ते २ जून असा धरला जातो. येथवर ठीक. परंतु सूर्य-पृथ्वी अंतराशी त्याचा काही संबंध नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन थंडीत. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते. सर्वांत दूर असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे नवतप्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ नव्हे, त्याच्यापासून जवळजवळ कमाल अंतरावर असते. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात असलेली ही गोष्ट दर मे महिन्यात कशी विसरली जाते, याचे आम्हांस नवल वाटते.

किरण सरळ पडण्याची गोष्ट निराळी. सूर्य डोक्यावर नेमका येऊन सावली पायाखाली नाहीशी होण्याचा दिवस प्रत्येक गावाच्या अक्षांशाप्रमाणे बदलतो. पणजी-बेळगावकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, हैदराबादेस ९-१० मेच्या सुमारास, पुण्यास मेच्या मध्यावर, नागपुरास २६ मेच्या आसपास, बडोद्यास जूनच्या आरंभी, इंदुरास जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर आणि उज्जैनीस त्यानंतर काही दिवसांनी. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे सूर्य माथ्यावर नेमका कधीच येत नाही. ही यादी नीट पाहिली की या शब्दाचा भूगोलच उलगडतो. नवतप्याच्या नऊ दिवसांत सूर्य नागपूरपासून इंदूरपर्यंतच्या पट्ट्याच्या माथ्यावर किंवा त्याच्या अगदी निकट असतो. हा शब्द ज्या प्रदेशात रुजला तो प्रदेश हाच. गोव्यात सूर्य माथ्यावरून जाऊन तोवर तीन आठवडे झालेले असतात आणि आकाशात ढग जमू लागलेले असतात; तेथे नवतपा हा शब्द का नाही, याचे उत्तर यातच आहे.

मग नऊच दिवस का? सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस राहतो. रोहिणीतही तो ७-८ जूनपर्यंत असतो आणि मग मृगात जातो. सौर हिशेब खरा मानला तर ‘तेरातपा’ व्हावयास हवा होता. प्रचलित भाष्य या प्रश्नाकडे पाहतही नाही. उत्तराचा धागा दुसऱ्या एका जुन्या गणनेत आहे, आणि काही पंचांगे अजूनही ती देतात : ज्येष्ठ शुक्ल पक्षात चंद्र आर्द्रा नक्षत्रात आला की तेथून पुढची नऊ नक्षत्रे नवतप्याची. चंद्र रोज सुमारे एक नक्षत्र चालतो, तेव्हा नऊ नक्षत्रे म्हणजे नऊ दिवस. नऊ या संख्येला येथे कारण आहे; सूर्याच्या रोहिणीप्रवेशात नाही. आमचे अनुमान असे की संख्या चांद्र गणनेतून आली आणि तारीख सौर गणनेतून, आणि पुढे छापील दिनदर्शिकांच्या काळात ठरलेली तारीख सोयीची वाटल्यामुळे २५ मे हीच मान्य झाली. तिथी दरवर्षी मागेपुढे होते, तारीख होत नाही. आणि ज्याला मजूर लावायचे, छप्पर शाकारायचे, बियाणे आणायचे त्याला तारीख बरी.

‘गळणे’ हे क्रियापद याहून अधिक बोलके आहे. नवतप्यात पाऊस पडला की ‘नवतपा गळला’ म्हणतात. वरवर पाहता पाणी गळले, म्हणून गळला. परंतु मग या गळण्याने पुढचा पाऊस बिघडतो अशी समजूत का असावी? वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ येथे उपयोगी पडते. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी अवंतीचा, म्हणजे आपल्याच मालव्याचा. त्याच्या ग्रंथात पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत मेघ गर्भ धारण करतात आणि सुमारे साडेसहा महिन्यांनी ते प्रसवतात, अशी कल्पना विस्ताराने मांडली आहे. ज्येष्ठ शुक्ल अष्टमीपासूनच्या चार दिवसांत वायूची लक्षणे पाहावीत, असेही त्यात सांगितले आहे. रोहिणीशी चंद्राचा योग झाला असता पावसाचे भाकीत कसे करावे, यासाठी तर स्वतंत्र अध्याय आहे. पण तो योग आषाढातील कृष्ण पक्षाचा, उन्हाळ्यातील सूर्याचा नव्हे. लोकांच्या बोलण्यातही नवतप्यास ‘पावसाचा गर्भकाळ’ म्हटले जाते. हे सारे एकत्र ठेवले म्हणजे ‘नवतपा गळला’ यातील गळणे हे छपराच्या गळतीचे नसून गर्भ गळण्याचे आहे, असे म्हणावेसे वाटते. अकाली पाऊस हा येथे अकाली प्रसव आहे. हा शब्दप्रयोग म्हणजे एका मोठ्या शास्त्रीय कल्पनेचा लोकांच्या जिभेवर उरलेला अवशेष होय.

भाकीत म्हणून ही कल्पना किती खरी, हा वेगळा प्रश्न. जमीन तापल्याने वायव्य भारतावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि मोसमी वाऱ्यांना त्याचे साहाय्य होते, एवढा तिच्यात तथ्यांश आहे. पण मोसमी पावसाचे बरेवाईट प्रशांत महासागराच्या तापमानापासून अनेक गोष्टींवर अवलंबून असते. इंदुरास २८ मे रोजी एक वळीव पडला म्हणून ते ठरत नाही. शासकीय सेवेच्या काळात आम्ही अनेक तहसिलींतून फिरलो. नवतपा गळल्याची चिंता करणारे शेतकरी पाहिले. आणि तीच मंडळी पहिला बरा पाऊस होताच ती चिंता विसरून पेरणीस लागलेलीही पाहिली. लोकभाकिताचे खरे काम बहुधा भविष्य सांगण्याचे नसावे. तयारीला लावण्याचे असावे.

आता या शब्दाचे दुसरे अंग. रोहिणीतील सूर्य सर्वत्र तोच. पण त्याचा अर्थ सर्वत्र तोच नाही. हैदराबादकडील आपली मंडळी ‘रोहिणी कार्ते’ हा शब्द जाणतात. त्या दिवसांच्या उन्हाने दगडी उखळ तडकते, अशा अर्थाची तेलुगू म्हण आहे. म्हणजे तेथेही रोहिणी म्हणजे दाहच. बेळगाव-धारवाडकडे मात्र कानडी शेतकरी पावसाची नावे नक्षत्रांवरून घेतो, आणि रोहिणीचा पाऊस आला तर आळीआळीत जोंधळा होईल, अशा अर्थाची म्हण सांगतो. तेथे रोहिणी म्हणजे पाऊस आणि पेरणी. कोकणात रोहिणी लागली की भाताचे बी कोरड्या जमिनीत पेरतात. त्या पेरणीला ‘धूळवाफ’ म्हणतात. पाऊस आठवड्या-दोन आठवड्यांवर आलेला असतो, बी त्याची वाट पाहत धुळीत पडून राहते. मालव्यात मात्र पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत यायचा नसतो. म्हणून तेथे त्याच दिवसांत बी टाकण्याचा प्रश्नच नाही, फक्त तापणे आहे.

ज्यांचे पूर्वज अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवार यांच्याबरोबर कोकणातून किंवा देशावरून इकडे आले, त्यांनी रोहिणी हे नाव बरोबर आणले. पण त्याचा अर्थ येथल्या मातीने बदलला. पेरणीचे नक्षत्र उन्हाचे नक्षत्र झाले. शब्द तोच राहून अर्थ बदलतो तो असा. त्यासाठी कोणी भाषा बिघडवावी लागत नाही, केवळ बिऱ्हाड हलवावे लागते.

हाच प्रकार जगात अन्यत्र घडला आहे, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्रजीतील ‘डॉग डेज’. उन्हाळ्यातील अतिउष्ण, कोंदट दिवसांना इंग्रज आणि अमेरिकन लोक हे नाव देतात. रूढ पंचांगांत ते ३ जुलै ते ११ ऑगस्ट असे धरले जातात. मराठी अनुवादांत याचे ‘कुत्र्याचे दिवस’ असे भाषांतर वाचण्यात आले आहे. हे भाषांतर दोनदा फसते. मराठी कानाला ‘कुत्र्याचे जिणे’ ठाऊक असल्याने वाचकास वाटते की कथानायकाचे हाल चालले आहेत. शिवाय कुत्री आणि भाद्रपद यांचा जो संबंध आपल्या बोलीत आहे तो आठवून वाचक भलत्याच ऋतूत जातो. मुळात येथील कुत्रा रस्त्यावरचा नाहीच. तो आकाशातला आहे.

ग्रीक-रोमन लोक आपल्या व्याधाच्या ताऱ्यास मृगाच्या, म्हणजे त्यांच्या ‘ओरायन’ शिकाऱ्याच्या, मागे असलेला कुत्रा मानीत. हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. त्याचे ग्रीक नाव ‘सीरियस’. त्याचा अर्थ जळजळीत, होरपळविणारा असा होतो. काही आठवडे सूर्याच्या प्रकाशात लपून राहिल्यावर तो पहाटे पुन्हा दिसू लागे तो ऐन उन्हाळ्यात. होमरच्या ‘इलियड’मध्ये हा तारा माणसांस ज्वर आणणारा म्हणून येतो. सूर्याच्या उष्णतेत या ताऱ्याची उष्णता मिसळते, कुत्री पिसाळतात, माणसे आजारी पडतात, अशी समजूत रूढ झाली. लॅटिनमध्ये या दिवसांस कुत्र्याच्या नावावरूनच नाव पडले. फ्रेंचमधला ‘कानिक्यूल’ हा शब्द त्यातूनच आला आणि तो आजही उष्णतेच्या लाटेसाठी वापरला जातो. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये अशाच लाटेत सुमारे १५,००० माणसे दगावली. त्या लाटेस लोक त्याच जुन्या ताऱ्याच्या नावाने ओळखतात. कुत्रे उन्हाने जिभा बाहेर काढून पडलेले असतात म्हणून ‘डॉग डेज’, ही व्युत्पत्ती इंग्रजी लोकांतही प्रचलित आहे. ती मागाहून जुळवलेली आहे.

यात दोन गोष्टी आपल्या विषयास धरून आहेत. एक अशी की त्याच ताऱ्याचा तोच पहाटेचा उदय इजिप्तमध्ये नाईलच्या पुराची वर्दी देणारा होता. ग्रीसमध्ये जो तारा दाहाचा, तो इजिप्तमध्ये पाण्याचा. रोहिणी मालव्यात उन्हाची आणि कोकणात पेरणीची असावी, तसेच हे. दुसरी अशी की ग्रीकांतच या समजुतीचा टीकाकारही निघाला. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील गेमिनस या लेखकाने स्पष्ट लिहिले की तारा उष्णतेचे कारण नाही, केवळ खूण आहे. उष्णता सूर्याची आहे आणि लोकांनी खुणेलाच कारण समजले आहे. व्याधाचा तारा आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांहून अधिक दूर आहे, रोहिणीचा तर सुमारे ६५ प्रकाशवर्षे. त्यांच्या उष्णतेने येथे लोणीही वितळणार नाही. गेमिनसचे हे वाक्य दरवर्षी नवतप्याच्या बातमीशेजारी चौकटीत छापावे, असे आम्हांस वाटते.

खूण आणि कारण यांत गल्लत केली की आणखी एक घोटाळा होतो : खूण हलते, हे ध्यानात येत नाही. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकतो. वराहमिहिराच्या काळी सूर्य रोहिणीत जाई तो आजच्या कॅलेंडरप्रमाणे मेच्या पहिल्या आठवड्यात. आणखी दोन हजार वर्षांनी तो २०-२२ जूनच्या सुमारास, मालव्यातल्या पावसाच्या तोंडावर, जाऊ लागेल. तेव्हा ‘नवतपा’ दरवर्षीच गळेल. व्याधाच्या बाबतीतही हेच झाले; प्राचीन इजिप्तमध्ये जुलैत होणारा त्याचा पहाटेचा उदय आता ऑगस्टात गेला आहे. म्हणून ‘हे वचन अनादी आहे’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे लागते की आजच्या अर्थाने ते अनादी असू शकत नाही. रोहिणी आणि कडक ऊन यांची आजची जोडी काही शतकांचीच आहे.

येथे एक योगायोग वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. रोहिणी, मृग आणि व्याध हे तिन्ही आपल्या आकाशात शेजारी आहेत, आणि ऐतरेय ब्राह्मणातल्या एका कथेत एकत्र येतात : प्रजापती मृगरूपाने रोहिणीमागे धावतो, आणि त्यास व्याध बाण मारतो, मृगाच्या मध्यभागी दिसणारे तीन तारे म्हणजे तो बाण. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ या ग्रंथात वेदकाल ठरविण्यासाठी याच मृगाचा आधार घेतला आणि तसे करताना व्याधाचा तारा व ऋग्वेदातील श्वान यांचाही विचार केला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथही १८९६ चा, म्हणजे याच दशकातला. तेव्हा युरोपने आपल्या उन्हाळ्याचे नाव या कथेतील व्याधावरून ठेवले आणि मालव्याने रोहिणीवरून, असे म्हणता येईल. जानेवारीच्या एखाद्या रात्री गच्चीवर गेल्यास तिन्ही एका नजरेत दिसतात. नवतप्यात मात्र रोहिणी शोधू नये. सूर्यच तिच्या घरी असतो, आणि १ जूनच्या आसपास ती पूर्ण त्याच्या तेजात बुडालेली असते.

आता आपल्या स्वतःच्या शब्दाकडे वळू. मराठी साहित्यात उन्हाळ्याचे रूढ विशेषण आहे ‘वैशाख वणवा’. हिंदीत मात्र ‘जेठ की दुपहरी’. दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना प्रश्न पडतो की ऊन नक्की कोणत्या महिन्याचे? येथे काव्यापेक्षा पंचांगाचे काम आहे. आपला महिना अमावास्येस संपतो, मालव्यातील व उत्तरेतील शेजाऱ्यांचा पौर्णिमेस. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण वैशाख पौर्णिमेनंतरचा पंधरवडा आपण वैशाख वद्य म्हणतो आणि शेजारी ज्येष्ठ कृष्ण म्हणतात. म्हणूनच शेजारच्या घरी वटसावित्रीचे व्रत ज्येष्ठ अमावास्येस होते आणि आपल्या घरी वटपौर्णिमा त्यानंतर पंधरा दिवसांनी येते. तोच पंधरवडा, तेच ऊन. पण आपल्या भाषेत तो वैशाख आणि त्यांच्या भाषेत ज्येष्ठ. ‘वैशाख वणवा’ आणि ‘जेठ की दुपहरी’ यांतील भांडण अर्धे तरी येथेच मिटते. उरलेले अर्धे भूगोलाचे आहे : कोकणात ज्येष्ठ हा पावसाचा महिना, मालव्यात त्याचा पूर्वार्ध तरी उन्हाचा. आणि ज्येष्ठ शुक्ल हा दोन्ही पंचांगांत ज्येष्ठच असल्याने ‘नवतपा’ हा शब्द आपल्याला आणि शेजाऱ्याला एकाच दिवशी उच्चारता येतो. दोन पंचांगांच्या घरांत सहज सामावणारा शब्द म्हणून त्याचे महत्त्व आम्हांस अधिक वाटते.

मात्र एका गोष्टीबद्दल तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. हल्ली नवतप्याच्या मराठी वर्णनांत सरसकट ‘उकाडा’ हा शब्द येतो, आणि तो येथे चुकीचा आहे. ‘उकाडा’ उकडण्यातून आला. त्याच्या मुळाशी ‘क्वथ्’ हा शिजण्याचा, उकळण्याचा धातू आहे, ज्यातून काढा आणि कढ हे शब्दही आले. उकडणे म्हणजे वाफेत शिजणे. उकडीचे मोदक ज्याने खाल्ले आहेत त्यास हे वेगळे सांगावयास नको. उकाड्यात वाफ आहे, ओलावा आहे, घाम आहे. तो समुद्रकाठचा शब्द शोभतो. नवतप्याचे ऊन कोरडे. त्यासाठी मराठीत रखरख आहे, धग आहे, झळ आहे, अंगाची काहिली आहे, फारसीकडून आलेली तलखी आहे. हिंदीतही हा भेद आहे : ‘लू’ वेगळी आणि ‘उमस’ वेगळी. आपल्या घरांत ‘लू लागली’ आणि ‘फार उमस आहे’ असे म्हणू लागलेल्या मुलांनी हा भेद तरी राखला आहे. ‘उकाडा’ हा एकच शब्द सगळीकडे लावणाऱ्या शुद्ध मराठी लेखकांनी तो बुडवला आहे.

हा केवळ शब्दांचा चोखंदळपणा नव्हे. नवतप्यात माठातले पाणी गार होते, वाळ्याचे पडदे शिंपडले की खोली थंड होते, कूलर चालतो. कारण हवा कोरडी असते आणि पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. पहिला पाऊस पडून हवा ओली झाली की तोच कूलर निरुपयोगी होतो आणि अंगाचा घामही वाळत नाही. शरीराला दोन्ही उष्णता सारख्या घातक नाहीत. कमी तापमानातही ओली उष्णता म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर बेतू शकते, कारण घाम वाळून अंग थंड होण्याची वाटच बंद होते. आता उन्हाळे अधिक कडक होत चालले असताना, घरातल्या वडीलधाऱ्याने ‘आज काहिली आहे’ म्हटले की पन्हे आणि सावली द्यावी, आणि ‘आज उकडते आहे’ म्हटले की वारा आणि मोकळी जागा द्यावी, एवढे कळण्यासाठी तरी हे दोन शब्द वेगळे राहिले पाहिजेत. ‘डॉग डेज’ हा शब्दही कोरड्या भूमध्यसागरी उन्हातून निघून अमेरिकेच्या दमट उन्हाळ्यात जाऊन बसला आणि अर्थ बदलून बसला. पण तेथल्या लोकांना दुसरे शब्द आहेत. आपण असलेले शब्द एका शब्दात कोंबू नयेत.

तात्पर्य असे. नवतपा हा शब्द वैदिक नाही, अनादी नाही, आणि सूर्य जवळ आल्याचा पुरावाही नाही. तो चांद्र गणनेची संख्या, सौर गणनेची तारीख, मेघगर्भाची जुनी कल्पना आणि मालवा-विदर्भाचे अक्षांश यांतून घडलेला एक पक्का लोकशब्द आहे. त्याला खोटे मोठेपण चिकटवले की खरे मोठेपण झाकले जाते. आपल्या पूर्वजांनी तो महाराष्ट्रातून आणला नाही. येथे राहून, येथल्या शेजाऱ्याकडून घेतला आणि मराठी उच्चारात बसवला. बाहेर वसलेल्या मराठी माणसाचे भाषिक धन असे दोन पेट्यांत असते : एक येताना आणलेली आणि एक येथे भरलेली. पहिली पेटी आपण जपतो आणि तिच्याबद्दल भाषणे करतो. दुसरीची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

ती ठेवणे आपल्या मंडळास सहज शक्य आहे. ऊन, पाऊस, वारा, थंडी यांविषयी आपल्या घरातील वडील माणसे जे शब्द वापरतात, त्यांतले जे महाराष्ट्रातील नातेवाइकांना कळत नाहीत आणि हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू शेजाऱ्यांनाही जसेच्या तसे कळत नाहीत, ते शब्द गावाच्या नावासह आणि वापरलेल्या एखाद्या वाक्यासह वाचकांनी लिहून पाठवावेत. वाक्य महत्त्वाचे, नुसता शब्द पाठवला तर त्याचा नवतपा होतो, म्हणजे पुढच्या भाष्यकाराने त्यास वाटेल तो अर्थ लावावा.